रिबिल्डेबल अ‍ॅटोमायझर घ्यावा का तयार कॉइलच बरी? (धाकट्या भावासाठी विचारतोय)

वाइंडिंगवाला
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मला काही विकत घ्यायचं नाहीये, आपल्याकडे वेप, म्हणजे ई-सिगारेट, बंदच आहे आणि मला स्वतःला सुपारीचंही व्यसन नाही. धाकटा भाऊ बर्मिंगहॅमला असतो. तिकडे गेल्यावर सिगारेट सोडायची म्हणून त्यानं वेप धरला, सिगारेट खरंच सुटली, पण आता व्हिडिओ कॉलवर एकच रडगाणं, कॉइल (आतली वाफ करणारी तापती तार) जळली, कॉइल संपली, पाचाचं पाकीट बारा-तेरा पाउंडाला आणि गोड ज्यूस (वेपमध्ये भरायचं द्रव) घातला की एक कॉइल आठवडाभरही धड चालत नाही. आता कुणीतरी त्याच्या डोक्यात रिबिल्डेबल अ‍ॅटोमायझरचं खूळ भरवलंय, म्हणजे तार आपणच गुंडाळायची आणि कापूसही आपणच भरायचा. मला म्हणतो दादा तू जन्मभर तारच गुंडाळत आलास, तूच सांग घेऊ का.

माझं इंदुरात राणीपुऱ्याजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, कूलर, पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटरी. तार कळते, ओहम कळतो, हे वाफेचं प्रकरण कळत नाही. त्यानं फोटो पाठवले त्यात स्टीलची रुपयाएवढी चकती, तिच्यावर दोन खांब, खांबांच्या मध्ये पाच-सहा वेढ्यांची बारीक स्प्रिंग आणि स्प्रिंगमधून आरपार कापूस. हे तर हीटरचं पिल्लू झालं. तर जाणकारांनी सांगावं, पैसे खरंच वाचतात का, धोका किती, आणि तिसरं म्हणजे तो म्हणतो निक्रोम (निकेल-क्रोमची) तार तूच पाठव. इथे ती वजनावर मिळते हे खरं आहे. पाठवू का?

पोहे_शेव_जास्त
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाइंडिंगदादा, दुकानाबाहेर नवी पाटी लावा, "येथे लंडनची कॉइल भरून मिळेल".

व्यवस्थापन
धागा चालू राहील, पण एक लक्षात असू द्या. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला, त्यानुसार ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे कुणी दुकानाचे पत्ते, लिंका, "माझ्याकडे पडलाय, देऊन टाकतो" असले प्रतिसाद टाकले तर उडवले जातील.

रामबागी_टोरांटो
भिया, एकदम बरोबर माणसाला विचारलंय त्यानं :) मी मूळचा रामबागेतला, आता टोरांटोत, आणि बरीच वर्षं रिबिल्डेबलच वापरतोय. आधी प्रकार समजून घ्या कारण लोक सगळ्याला एकच नाव देतात. आरडीएला टाकी नसते, वरून ज्यूसचे थेंब टाकायचे, चार-सहा झुरके झाले की परत थेंब. आरटीएमध्ये डेक, म्हणजे कॉइल बसवायची चकती, खाली आणि भोवती काचेची टाकी, ज्यूस आपोआप कापसात ओढला जातो. आरडीटीएमध्ये डेक वर, टाकी खाली आणि कापसाची शेपटं खाली लोंबतात. ज्याला रोज ऑफिसला जायचंय त्यानं थेंबवाल्याच्या वाटेला जाऊच नये, बसमध्ये बाटली काढून थेंब टाकत बसणार का. भावाला आरटीए सांगा, तोही सिंगल कॉइलचा आणि एमटीएल, म्हणजे सिगारेटीसारखा आधी तोंडात मग छातीत ओढायचा. त्यात हवा कमी, वॅट कमी, ज्यूसही कमी लागतो.

फायदा कुठे आहे तर इथे. तयार कॉइल "जळली" म्हणून आपण फेकतो तेव्हा तार बहुतेक वेळा ठणठणीत असते, करपलेला असतो कापूस. गोड ज्यूसमध्ये सुक्रालोज असतं, ते तारेवर काळा थर धरतं, मग तार नीट वाफ करत नाही, कापूस भाजतो आणि घशाला जळका वास येतो. रिबिल्डेबलमध्ये जुना कापूस ओढून काढायचा, कमी वॅटवर बटण टुकटुक दाबून तार जरा लाल करायची, गार झाली की मऊ ब्रशनं थर झाडायचा, पाण्यात खळबळायची आणि नवा कापूस. तीच तार कित्येक आठवडे चालते. हे तयार कॉइलमध्ये होत नाही कारण ती बंद डबी असते.

सुरुवातीला त्यानं कँथल ए१ जातीची तार घ्यावी, २८ गेज, ३ मिलिमीटरच्या दांड्यावर ६ वेढे, साधारण १.३ ओहमच्या आसपास येईल, १२-१५ वॅट पुरे. पहिल्या दिवसापासून क्लॅप्टन आणि एलियन आणि काय काय त्या नक्षीदार तारांच्या मागे लागू नये, त्या मोठ्या धुरासाठी असतात.

वाइंडिंगवाला
टोरांटोवाले, वा, समजलं. पण तुम्ही २८ गेज म्हणालात ते कुठलं गेज? कारण आमच्या बाजारात तार एसडब्ल्यूजीनं, म्हणजे ब्रिटिश गेजनं, मिळते, पाकिटावर नुसतं २८ लिहिलेलं असतं. एसडब्ल्यूजी २८ म्हणजे ०.३७६ मिलिमीटर. तिकडचं अमेरिकन गेज, एडब्ल्यूजी २८, मी तक्त्यात पाहिलं तर ०.३२१ निघालं. जाडीत फरक केसाएवढा दिसतो पण ओहम जाडीच्या वर्गानं पडतो. कँथलचा विशिष्ट रोध १.४५ धरून हिशेब केला, तुमचे सहा वेढे आणि पाय मिळून साधारण सव्वासात सेंटीमीटर तार लागते, तुमच्या २८ मध्ये १.३ ओहम बरोबर येतात, आमच्या २८ मध्ये तेच ०.९५ च्या आसपास. आणि त्यात कँथलऐवजी निक्रोम घातली तर अजून खाली, पाऊण ओहमपेक्षाही कमी. म्हणजे भाऊ व्हिडिओ बघून सहा वेढे मारणार आणि हातात वेगळीच वस्तू येणार.

रामबागी_टोरांटो
दंडवत घ्या भिया _/\_ हे इतक्या वर्षांत इथल्या एकाही वेप दुकानदारानं सांगितलं नाही, कारण इकडे सगळं एडब्ल्यूजीच. यासाठीच म्हणतो तार इंदूरहून पाठवू नका. आणि गेजचं एक वेळ मायक्रोमीटर लावून जमेल, माल कुठला ते कसं ओळखणार?

वाइंडिंगवाला
ते खरंय. वजनावरची तार हीटरच्या स्प्रिंगसाठी येते, तिच्यात निकेल किती क्रोम किती कुणी लिहून देत नाही. हीटरचा १००० वॅटचा एलिमेंट म्हणजे २३० व्होल्टवर ५३ ओहम, तेवढे भरले की गिऱ्हाईक खूश, आत काय मिसळलंय कोण विचारतो. त्यावर तेल असतं, कधी कसला लेपही असतो. मोटरच्या तारेचं तर विचारूच नका, तिच्यावर एनॅमल असतं, ते जळलं की दुकानात डोळे चुरचुरतात, ते छातीत ओढायचं म्हणजे कल्याणच. भावानं एकदा विचारलं होतं तांब्याची चालेल का म्हणून, फोनवरूनच दोन शिव्या घातल्या.

तार पाठवणं रद्द.

नीलाक्षी
मी लेस्टरला असते, माहेर सुदामा नगर. नवरा वेप करतो त्यामुळे घरचा हिशेब माझ्याकडे आहे, सांगते. तुमच्या भावाची आठवड्याला एक कॉइल धरली, अडीच पाउंडाला एक, म्हणजे महिन्याला दहा-अकरा पाउंड. बरा आरटीए पंचवीस-तीसला, तारेचं १० मीटरचं रीळ आणि कापूस मिळून आठ-दहाला. चार महिन्यांत वसूल, पुढे कॉइलचा खर्च जवळजवळ शून्य, कारण १० मीटरमध्ये शंभरावर कॉइली होतात आणि त्या संपता संपत नाहीत. इथपर्यंत टोरांटोवाले बरोबर.

पण खर्च कॉइलचा नसतो हो, ज्यूसचा असतो! आमच्याकडे काय झालं तर आधी एमटीएल होतं, दिवसाला ३ मिली जायचं, मग हौस वाढली, मोठा ड्युअल कॉइलचा आणला, धूर असा की स्मोक अलार्म वाजायचा, आणि ज्यूस दिवसाला १० मिलीवर गेला. कॉइलचे दहा पाउंड वाचवले आणि ज्यूसमध्ये त्याच्या कितीतरी पट घातले. वर यूकेत १ ऑक्टोबर २०२६ पासून ज्यूसवर दर १० मिलीला २ पाउंड २० पेन्स ड्यूटी ठरली आहे, निकोटिन असो नसो, आणि तिच्यावर व्हॅट वेगळा. ३ मिलीवाल्याला महिन्याला वीसेक पाउंड जास्त, १० मिलीवाल्याला ६६. आता बोला. बचत म्हणून घेणार असेल तर त्यानं कमी वॅटचंच घ्यावं आणि तिथेच थांबावं, आणि पुरुष तिथे थांबत नाहीत हा माझा अनुभव आहे.

माझं मत तयार कॉइलच. पॉडमधली (छोट्या तयार वेपमधली) मेश, म्हणजे जाळीची, कॉइल आता पूर्वीपेक्षा चांगली चालते, ज्यूस कमी गोडाचा घेतला की आठवड्याची दोन आठवडे होते. त्याला विचारा कोणता ज्यूस पितो. डोनट, कस्टर्ड, कॉटन कँडी असलं काही असेल तर तिथेच उत्तर आहे.

पोहे_शेव_जास्त
विचारून काय उपयोग, इंदूरचा मुलगा आहे, गोडच पिणार.

वाइंडिंगवाला
विचारलं. स्ट्रॉबेरी कस्टर्ड.

नीलाक्षी
बघा!

जुना_मेकॅनिकल
बंदीच्या आधी आपल्या इंदुरात हा शौक करणारी बरीच पोरं होती, मीही त्यातलाच, बंदीनंतर सगळं सोडलं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिबिल्डेबल घेतला की पुढची पायरी म्हणून कुणीतरी मेकॅनिकल मॉड (मॉड म्हणजे बॅटरीचा खालचा भाग) दाखवतंच. दिसायला सुंदर, तांब्याची किंवा पितळेची नळी, आत एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल), खाली बटण. बस. सर्किट नाही, फ्यूज नाही, शॉर्ट झालं तर थांबवणारं कुणी नाही. तिथे सरळ ओहमचा नियम. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.५ ओहम तर ८.४ अँपिअर, ठीक. ०.२ तर २१ अँपिअर. ०.१ तर ४२, आणि चांगल्यातला चांगला १८६५० सेल सतत २०-३० अँपिअरसाठी असतो. पोरं स्पर्धेत ०.१ च्या खाली जायची.

त्यातही हायब्रिड नावाचा प्रकार, ज्यात अ‍ॅटोमायझरची खालची ५१० पिन (जोडणीच्या आट्यांमधली मधली पिन) थेट सेलवर टेकते. पिन पुरेशी बाहेर आलेली नसली की बाजूचे आटे सेलच्या कडेला टेकतात आणि ती कड निगेटिव्ह असते. झालं, डेड शॉर्ट. २०१८ मध्ये फ्लोरिडात एकाचा जीव गेला तो मेकॅनिकल मॉडच होता. भावाला सांगून ठेवा, रिबिल्डेबल घे पण रेग्युलेटेड, म्हणजे सर्किटवाल्या, मॉडवरच.

वाइंडिंगवाला
भावाकडे सर्किटवाला आहे, एका १८६५० चा. आता हाच हिशेब मी त्यालाही लावत होतो, ४.२ भागिले १.३ म्हणजे सव्वातीन अँपिअर, सेलला काही त्रासच नाही. बरोबर ना?

रामबागी_टोरांटो
इथेच बरेच जण चुकतात. सर्किटवाल्यात सेलला कॉइलचे ओहम दिसतच नाहीत भिया, मध्ये कन्व्हर्टर बसलाय, तुम्ही मागितलेले वॅट तो सेलमधून ओढणार. म्हणून वॅट भागिले सेलचा कमीत कमी व्होल्ट, आणि थोडी तूट. ४० वॅट लावले आणि सेल उतरत उतरत ३.२ वर आला तर ४० भागिले ३.२ म्हणजे साडेबारा, सर्किट ९० टक्के कार्यक्षम धरलं तर जवळजवळ १४ अँपिअर. सेल भरलेला असताना करंट कमी, रिकामा होत आला की जास्त, मेकॅनिकलच्या बरोबर उलट. भाऊ १५ वॅटवर राहिला तर ५ अँपिअरच्या आसपास, काही काळजी नाही.

वाइंडिंगवाला
अरे हो, व्हीएफडीसारखंच (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हसारखंच) झालं. व्होल्टेज पडलं की इनपुट करंट चढतो. समजलं समजलं.

जुना_मेकॅनिकल
सेलबद्दल अजून दोन ओळी. प्लास्टिकचा वेष्टण-कागद वरच्या कडेला जरा जरी फाटला तर सेल वापरू नये, नवा कागद मिळतो, हेअर ड्रायरनं बसतो. सुटा सेल खिशात किल्ल्या-चिल्लरीबरोबर कधीच नाही, प्लास्टिकची डबी दहा-वीस रुपयांना येते. आणि ज्या सेलवर ९९०० एमएएच क्षमता लिहिलेली असते, टॉर्चवाल्यांकडे मिळतात ते, ते पाहिलं की पळायचं. चांगल्या कंपनीचा १८६५० तीन ते साडेतीन हजार एमएएचचा असतो, आणि जास्त करंट देणारे तर अडीच ते तीन हजार एमएएचचेच, दोन्ही एकदम मिळत नाही.

सुधाकाकू_तिलकनगर
अरे मुलांनो, मी सगळं वाचलं, अर्धं कळलं नाही. एवढी अक्कल त्या तारेत घालताय, एकानंही विचारलं नाही की तो पोरगा हे सोडणार कधी? सिगारेट सोडायला धरलं ना? मग आता याच्यात कारखाना काढायचा कशाला? वाइंडिंगवाल्या, तू मोठा भाऊ आहेस की त्याचा सप्लायर?

पोहे_शेव_जास्त
काकू +१००. धागा इथेच बंद करा.

छाती_तपासतो
काकूंचा प्रश्न मुद्द्याचा आहे. मी इंदुरातच छातीरोगाची प्रॅक्टिस करतो, दोन्ही बाजू मांडतो, मग ज्यानं त्यानं ठरवावं.

सिगारेट ओढण्यापेक्षा वेप कमी घातक आहे हे ब्रिटनच्या आरोग्य खात्याचंही म्हणणं आहे, कारण तंबाखू जळत नाही, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. सोडायला मदत होते हेही दिसलंय. २०१९ मध्ये इंग्लंडमधला मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, त्यात वर्षभरानं ई-सिगारेट गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, निकोटिन गम-पॅचच्या गटातले ९.९ टक्के. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लोक सांगत नाहीत. जे यशस्वी झाले त्यांच्यातले ई-सिगारेटवाले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते आणि गमवाल्यांमध्ये हाच आकडा ९ टक्के. म्हणजे काठी हातात राहते. रिबिल्डेबलनं ती काठी अजून आवडती होते, रविवारची दुपार तार-कापूस करण्यात जाते, हा माझा खरा आक्षेप आहे. तयार कॉइलचा कंटाळा येणं हे सोडण्याच्या दृष्टीनं वाईट नाही.

तारेबद्दल. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी लोकांच्या रोजच्या वापरातली उपकरणं तपासली, बाटलीतल्या ज्यूसमध्ये धातू फारसे नव्हते, कॉइलला लागून गेलेल्या ज्यूसमध्ये आणि वाफेत क्रोमियम, निकेल, शिसं वगैरे वाढलेलं सापडलं. तेव्हा माहीत नसलेली तार वापरू नये हे वाइंडिंगवाल्यांचं म्हणणं डॉक्टर म्हणूनही बरोबर. कापूस कोरडा असताना झुरका घेणं सगळ्यात वाईट, तापमान चढतं आणि फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात. घशाला जळकं लागलं की थांबायचं, अजून दोन झुरके मारून बघायचं नाही.

आणि अमेरिकेत २०१९ ला फुफ्फुसं गेल्याच्या केसेस आल्या होत्या, अडीच हजारांवर लोक दवाखान्यात आणि ६८ मृत्यू, त्या प्रामुख्यानं गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांमुळे, त्यातल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटमुळे. म्हणून ज्यूस घरी ढवळणं, त्यात तेल-बिल काहीही घालणं नको. रिबिल्डेबलवाले पुढे ज्यूसही घरी करायला लागतात म्हणून सांगितलं.

इथे वाचणाऱ्या कुणाला सिगारेट सोडायची असेल तर मेडिकलवर २ मिलिग्रॅमची निकोटिन गम मिळते आणि १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे, तोच नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. ओढणारे तो कधी वाचत नाहीत.

रामबागी_टोरांटो
डॉक्टरसाहेब, आदर आहे पण इथे थोडं अडतो. मी रिबिल्डेबलवर आल्यामुळेच निकोटिन खाली आणू शकलो. पॉडमध्ये २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट होतं, आरटीएवर ६ केलं, मग ३. कारण तिथे हवा, वॅट, वेढे सगळं आपल्या हातात असतं, कमी निकोटिनमध्येही समाधान मिळेल असं बसवता येतं. सगळ्यांचं होईल असं नाही म्हणत.

छाती_तपासतो
३ नंतर?

रामबागी_टोरांटो
३ वरच आहे :D

सुधाकाकू_तिलकनगर
बघा!

नीलाक्षी
काकू, तो शब्द माझा आहे :)
अवांतर बास. वाइंडिंगवाले, एक मधला मार्ग आहे, तयार गुंडाळलेल्या सुट्या कॉइलीही मिळतात, नुसत्या डेकवर बसवायच्या आणि कापूस भरायचा. तार गुंडाळणं काही अवघड नाहीच, अवघड कापूस आहे. नवऱ्याची पँट, माझी पर्स, गाडीची सीट, सगळीकडे स्ट्रॉबेरीचे डाग पडले ते कापसापायी.

वाइंडिंगवाला
सगळ्यांचे आभार. भावाशी काल बराच वेळ बोललो, काकूंचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, गप्प बसला आणि मग म्हणाला उन्हाळ्यापर्यंत निकोटिन अर्ध्यावर आणतो. तोंडानं म्हणतोय, बघू.

माझं मत मी त्याला असं सांगितलं. पैशासाठी घेणार असशील तर नको, आधी ते कस्टर्ड बंद कर, कॉइल आपोआप जास्त टिकेल. हातानं करायची आवडच असेल तर घे, पण मल्टीमीटरच्या भरवशावर राहू नको, साधं मीटर एक ओहमच्या खाली आपल्या वायरींचेच ओहम दाखवतं, दुकानात मी स्वतः प्रोब आधी एकमेकांना टेकवून तेवढे वजा करतो. मॉडचं रीडिंग किंवा त्यासाठीचा वेगळा ओहम मीटर बघ. कॉइल बसवल्यावर दोन्ही पाय खांबाच्या कडेला चिकटून काप, बाहेर राहिलेलं टोक वरच्या टोपीला टेकलं की शॉर्ट, आमच्याकडे वाइंडिंगचा शेंडा बॉडीला लागतो तसंच ते. स्क्रू फार आवळू नको, एवढासा एम२ चा स्क्रू, डोकं घासलं की डेक गेला आणि तारही स्क्रूखाली अर्धी कापली जाते, मग लोड आला की तिथेच तुटते. आणि रीडिंग हलत असेल, आत्ता १.३ मग १.६ मग परत १.३, तर कॉइलचा दोष नाही, कुठेतरी जोड ढिला आहे, बटण दाबायचं नाही.

ऐकलं सगळं आणि त्याच दिवशी ऑर्डर केलं. बहुतेक आधीच केलं होतं.

पोहे_शेव_जास्त
धाकटे असेच असतात. ह.घ्या.

वाइंडिंगवाला
धागा वर काढतो. वस्तू आली, बसवली, ओहम १.२८, माझा जीव खूश झाला. पण टाकी भरली की खालच्या हवेच्या भोकातून ज्यूस गळतो, आणि गळू नये म्हणून त्यानं कापूस ठासून भरला तर दोन झुरक्यांत जळका वास. कॅमेऱ्यावर पाहिलं, मला कॉइल सरळ दिसली, भोकाच्या बरोबर वर. आता हे माझ्या हद्दीबाहेरचं आहे.

रामबागी_टोरांटो
शंभर टक्के कापूस. कॉइलमधून ओढताना कापूस जरा अडला पाहिजे पण कॉइल वाकता कामा नये, तेवढाच जाड. मधे बरोबर असतो बहुतेकांचा, चुकतात शेपटांमध्ये. टोकं डेकच्या बाहेरच्या कडेपर्यंतच कापायची, मग कंगव्यानं किंवा सुईनं टोकांचा निम्मा कापूस विंचरून काढायचा, म्हणजे मधे भरीव आणि टोकाला विरळ. ती टोकं ज्यूसच्या खाचेत नुसती टेकवायची, कोंबायची नाहीत, पण खाचेचं तोंड पूर्ण झाकलं गेलं पाहिजे, फट राहिली की तिथून गळणार. आणि टाकी लावायच्या आधी कापूस ज्यूसनं पूर्ण भिजवायचा.

अजून एक, ज्यूस कुठला? एमटीएलच्या बारीक खाचांना ५०-५० पीजी-व्हीजी (पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल आणि घट्ट ग्लिसरीन) लागतो. ७०-८० टक्के व्हीजीवाला घट्ट असतो, तो कापसात वेळेवर पोचत नाही आणि मग कितीही नीट भरा, जळकाच लागणार.

नीलाक्षी
आणि भरताना हवेची रिंग पूर्ण बंद करायची, वरची टोपी घट्ट लावायची, मग टाकी उलटी करून रिंग उघडायची आणि सुलट करायची. नाहीतर भरतानाच आतला दाब जाऊन गळतं. हे आमच्याकडे पँट धुता धुता कळलं.

वाइंडिंगवाला
बाटली बघायला लावली. ८० टक्के व्हीजी. आणि हो, स्ट्रॉबेरी कस्टर्डच.

सुधाकाकू_तिलकनगर
त्याचा नंबर दे मला.